सहा फॅटचं गाव

"तुमच्या चिंचखेड्यात बघण्यासारखं काय आहे?" असं कुणी विचारलं तर गावातला दुसरा कुणीही ओशाळला असता. ब्राह्मणपुरीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की पपईच्या बागा संपता संपता हे गाव सुरू होतं, आणि सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं. नदी नाही, किल्ला नाही, देऊळ आहे ते चारचौघांसारखं. पण भिलानाना ओशाळायचा नाही. टोपी सारखी करून, छाती पुढे काढून तो सांगायचा, "आम्हना गावनी फॅट सहा शे."

फॅट म्हणजे दुधाची. गावच्या दूध डेअरीवर तेवीस वर्षं नाना फॅट लावत होता. डेअरी केवढी, तर पत्र्याची एक खोली. आत मापं, फॅटचं मशीन, एक मोठी टाकी, आणि बाहेरच्या भिंतीवर काळा फळा. सभासद मोजून दहा. सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी नाना कुलूप काढायचा, किटल्या घेऊन लोक यायचे, नाना प्रत्येकाचं दूध मापायचा, त्यातलं थेंबभर मशीनला पाजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. मग दूध टाकीत. टाकीतून कॅनमध्ये. कॅन बाज्याच्या पिकअपमध्ये, आणि पिकअप शहाद्याच्या वाटेला.

यात गर्व करण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फळा बघितलेला नाही. सकाळची गाडी गेली की नाना हात धुवायचा, खडू घ्यायचा, दहा घरांच्या दहा फॅटची बेरीज करायचा, दहानं भागायचा आणि फळ्यावर टपोऱ्या अक्षरात लिहायचा: आजची सरासरी फॅट ६.०. कधी पाच पॉइंट नऊ, कधी सहा पॉइंट एक. पण सहाच्या आसपास, तेवीस वर्षं. शेजारच्या गावांत साडेचारच्या वर कुणाची गेली नव्हती. वेशीच्या भिंतीवर पेंटरकडून 'सहा फॅटचे गाव आपले स्वागत करीत आहे' असं लिहूनही घेतलं होतं. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप मुलीचं शिक्षण सांगायच्या आधी गावची फॅट सांगायचा, आणि समोरचेही मान डोलवायचे. कशासाठी डोलवायचे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

वहीत प्रत्येक घराला एक ओळ. हा नानाचा नियम, आणि तो त्याला फार प्रिय होता. चेअरमन योगेंद्र. त्याच्या गोठ्यात संकरित गायी, एका वेळचं साठ लिटर, फॅट साडेतीन. त्याला एक ओळ. तापीबाई एकटी राहणारी, तिची एकच म्हातारी म्हैस, आटत आलेली, देऊन देऊन अर्धा लिटर द्यायची. पण ते अर्धा लिटर असं दाट की मशीन साडेनऊ दाखवायचं. तिलाही एक ओळ. मधले आठजण. तिघांच्या गायी, दहा-दहा लिटर, चारची फॅट. पाचजणांच्या म्हशी, चार-चार लिटर, सातची फॅट. "डेअरीमा लहान मोठा कोनी नै," नाना म्हणायचा, आणि तापीबाई पदर सावरत साऱ्या रांगेकडे बघून घ्यायची. योगेंद्रच्या कॅनवाल्या गड्यालासुद्धा तिच्या लोट्यामागे उभं राहायला लागायचं.

सगळं असं मजेत चाललेलं असताना जानेवारीत एका सोमवारी योगेंद्रचा फोन वाजला.

शहाद्याकडच्या ज्या चिलिंग सेंटरवर गावचं दूध जायचं, तिथून पूर्वी महिन्याला एक गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा यायचा. नाना तो न वाचता खिळ्याच्या तारेला टोचून ठेवायचा. आपल्या गावची फॅट आपल्याला माहीत असताना दुसऱ्याची चिठ्ठी कशाला वाचायची? पण आता सेंटरवाल्यांनी रोजचा आकडा चेअरमनच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. योगेंद्रनं मेसेज उघडला, एकदा वाचला, फोन उलटा करून वाचला, आणि फळ्यासमोर उभ्या असलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "चार पॉइंट तीन."

फळ्यावर सकाळचा खडू तसाच होता. सहा.

सगळे एकदम बोलायला लागले. चौथीपर्यंत शिकलेल्यांनी सहातून चार पॉइंट तीन वजा केले. एक पॉइंट सात उरले.

"एक पॉइंट सात फॅट कोनी खादी?" सरलाबाईनं विचारलं. सरलाबाईच्या दोन म्हशी, सातची फॅट, आणि आवाज त्याहून दाट.

झालं. गावाला चोरी मिळाली. चिंचखेड्यात याआधीची मोठी चोरी म्हणजे शाळेच्या घंटेची, तीही नंतर शाळेतच सापडली होती. त्यामुळे लोकांना दुःख झालं हे खरं, पण अंगात वारं संचारलं हेही खरं. कुणी म्हणालं, मांजर. कुणी म्हणालं, मांजर कॅनचं झाकण लावून जात नाही. रंजनाबाई शेजारच्याच गल्लीतली, गायवाली, हिशेबाला पक्की. तिनं विचारलं, "पन डेअरीना हिशोब तं जुळस. ज्यानीत्यानी फॅट, त्यानात्याना पैसा. तेवीस वरीस जुळी ऱ्हायना. चोरी व्हती तं हिशोब कसा जुळता?"

प्रश्न बिनतोड होता. मग सरलाबाई म्हणाली, "तीच तं चोरनी हुशारी शे."

आणि सगळ्यांना पटलं. हिशेब जुळतो म्हणजे चोर साधा नाही. पटलं म्हणजे असं पटलं की रंजनाबाईनंही मान हलवली.

नानाच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. दूध त्याच्या हातून सहा फॅटचं निघालं. सेंटरवर चार पॉइंट तीनचं पोचलं. मध्ये कोण? मध्ये बाज्या. तोरणमाळच्या बाजूचा, घाटातल्या गाड्या चालवून तयार झालेला, तोंडात कायम बडीशेप. नानानं तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "गाडीमाच काहीतरी शे." बाज्या तेव्हा शहाद्याहून परतून रिकामे कॅन उतरवत होता. त्यानं ऐकलं, हसला आणि दोर गुंडाळला.

मंगळवारी नानानं पाठलाग केला. तोंडाला उपरणं गुंडाळून, जुन्या मोपेडवर बसून, पिकअपच्या मागे. ओळखू येऊ नये म्हणून टोपी खिशात ठेवली. पण ती मोपेड साऱ्या शहादा तालुक्याला आवाजावरून ओळखू यायची, हे नाना विसरला. दोन किलोमीटरवर पिकअप दिसेनाशी झाली. नाना घाबरला, पिळून पिळून मोपेड पळवायला लागला, आणि वळणावर बघतो तर पिकअप बाजूला उभी. नाना झाडामागे थांबला. पिकअप हळूच निघाली. पुन्हा दिसेनाशी झाली, पुन्हा वळणावर उभी. तिसऱ्या वेळी चहाच्या टपरीशी थांबली, आणि नाना उसाच्या ट्रॉलीआड उभा राहिला, तर टपरीवाला दोन ग्लास घेऊन सरळ त्याच्याकडेच आला. "गाडीवाल्यानं सांगितलं, एक त्या उपरण्यातल्या नानांना द्या."

नानानं उपरणं सोडलं. बाज्या जवळ आला. "नाना, तुम्हीच पुढे चाला. मी मांगून येस. मंग तुम्हले नीट दखाई."

सेंटरपर्यंत नाना पिकअपमध्ये बसून गेला, मोपेड मागे कॅनांना टेकवून. झाकणांवरची दोरी त्यानं स्वतः सोडली. सेंटरच्या माणसानं समोर नमुना घेतला, समोर मशीनला लावला. चार पॉइंट तीन. परत येताना बाज्यानं बडीशेप पुढे केली, ती नानानं घेतली नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ती न घेतल्याचं त्याला वाईट वाटत राहिलं.

बुधवारी त्याला सुचलं ते खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सगळं दूध टाकीत पडल्यावर, कॅनमध्ये भरण्याआधी, त्यानं ढवळून टाकीतला थेंब मशीनला दिला.

चार पॉइंट तीन.

नानानं पुन्हा ढवळून पुन्हा थेंब दिला. तेच. आता विचार करा. दहा घरांचं दूध त्याच्या मापात येतं, तेव्हा फळ्यावर सहा फॅट भरते. टाकीत पडतं, तेव्हा चार पॉइंट तीन. माप आणि टाकी यांच्यात अंतर तीन फूट. त्या तीन फुटांत कोण असतं? फक्त नाना. म्हणजे चोर तीन फुटांत होता, आणि तीन फुटांत त्याच्याशिवाय कुणी मावत नव्हतं.

माणसानं स्वतःवर किती संशय घ्यावा याला काही धरबंध असतो. नानानं तो ठेवला नाही. गुरुवारी सकाळी त्यानं बायकोला, धनुबाईला, डेअरीत आणून उपड्या बादलीवर बसवलं.

"माले काय दखानं शे?" धनुबाईनं विचारलं. मांडीवर तुरीच्या शेंगांची पाटी होतीच, रिकामी बसणारी बाई नव्हे.

"मन्हा हातले दख. कोठे जास, काय करस."

धनुबाई तास-सव्वा तास बसली. शेंगा सोलल्या, नवऱ्याचे हात बघितले. शेवटची किटली गेल्यावर उठून पदर झटकत म्हणाली, "तीन दाव नाक खाजाडं. एक दाव टोपी काढी. दुसरं काही करं नै तुम्हनी. जाऊ का आते? पावना येवाव शेत."

पाहुणे म्हणजे धनुबाईचा भाऊ आणि त्याची माणसं. खानदेशात भाऊ आला की वरण-बट्टी, आणि बट्टीवर तूप सढळ हातानं. धनुबाई रोज सरलाबाईकडून लिटरभर दूध घ्यायची, दोन महिने साय साठवून तिनं तुपाची बरणी भरली होती. दुपारी ते तूप बट्ट्यांवर पडलं आणि वास गल्लीत गेला. गल्लीतून चौकात. चौकात सरलाबाई होती. दूध तिचंच, साय तिच्याच म्हशींची, हे तिला माहीत होतं. पण वास नाकात शिरला की माहीत असलेलं माणसाला आठवत नाही. तिचे डोळे बारीक झाले.

"एक पॉइंट सात," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गावात एकच विषय. नानाच्या घरात म्हैस नाही, गाय नाही, शेळी नाही, आणि बट्टी तुपात पोहते. शुक्रवारी डेअरीच्या दारावर कागद चिकटला: रविवारी संध्याकाळच्या दुधाला सर्व सभासदांची सभा. विषय एक, डेअरीची चावी कुणाकडे असावी.

तो कागद नानानंच चिकटवला. चिकटवायला दुसरं कोण होतं? त्याला जमीन नव्हती. मुलगा सुरतेला, आपल्या संसारात. गावात त्याला नाना म्हणायचे, सोयरिकीत बोलवायचे, पंगतीत वरच्या पाटावर बसवायचे, ते त्या चावीमुळे. चावी गेली तर नुसती चावी जाणार नव्हती. तुपासाठी गावाचं दूध चोरणारा माणूस म्हणून उरलेलं आयुष्य त्याच गल्लीतून चालायचं होतं. त्या रात्री धनुबाईनं उरलेल्या बट्ट्या कुस्करून पुढे ठेवल्या, तर त्यानं तुपाकडे बघून तोंड फिरवलं.

शनिवारी तापीबाई आली नाही. ती लेकीकडे खापर गावाला गेली होती, म्हैस शेजारणीच्या हवाली करून, आणि शेजारणीनं त्या अर्ध्या लिटरचा चहा केला. नानानं नऊ ओळी लिहिल्या. बेरीज साडेपन्नास, भागिले नऊ. फळ्यावर लिहिलं: ५.६. आधीही तापीबाईचा खाडा पडला की फळा असा घसरायचा. नाना हळहळायचा आणि विसरायचा.

पण आज योगेंद्रच्या फोनवर सेंटरचा आकडा आला. चार पॉइंट तीन. कालही चार पॉइंट तीनच होता.

नाना खडू हातात धरून उभा राहिला. तापीबाईचं अर्धा लिटर आलं नाही, तर फळा सहावरून पाच पॉइंट सहावर आला. आणि सेंटरचा काटा जागचा हललासुद्धा नाही. का हलेल? एकशेदहा लिटर दुधात अर्धा लिटर कमी पडलं तर काय होतं? काहीच होत नाही. विहिरीतून लोटाभर पाणी काढण्यासारखं. मग फळ्याला काय एवढं दुखलं?

त्यानं वही उघडली. तापीबाई, साडेनऊ, एक ओळ. योगेंद्र, साडेतीन, एक ओळ. लोटाभर दूध आणि दीड कॅन दूध, दोघांना सारखाच मान देऊन त्यानं बेरीज केली होती. पाच म्हसवाले मिळून वीस लिटर घालायचे, पण वहीत त्यांच्या सात-सातच्या पाच ओळी. योगेंद्र एकटा साठ लिटर घालायचा, त्याची साडेतीनची एकच. टाकीला ओळी कळत नव्हत्या. टाकीला लिटर कळत होते.

त्यानं मागच्या पानावर, जन्मात कधी केलं नव्हतं तसं, प्रत्येकाच्या लिटरला त्याच्या फॅटनं गुणलं. सगळं मिळवलं. सगळ्या लिटरांनी भागलं. चार पॉइंट तीन.

नाना हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. पत्र्याच्या खोलीत एकटा उभा राहून तो असा हसला की फळ्यावरची धूळ उडाली. कुणी चोरलं नव्हतं. कुणी खाल्लं नव्हतं. एक पॉइंट सात फॅट दुधात कधी नव्हतीच. ती खडूत होती. तेवीस वर्षं तो रोज सकाळी हात धुऊन, टोपी नीट करून, नसलेलं लोणी भिंतीवर लावत होता.

धनुबाईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "मंग मी एक सकाय बादलीवर बठनू ती कसाले?" आणि मग तीही हसली. दोघं म्हातारा-म्हातारी चुलीपुढे बसून डोळे पुसत हसले, आणि नानानं उरलेल्या बट्ट्या तुपासकट संपवल्या.

हसू रविवारी दुपारपर्यंत टिकलं. दुपारी योगेंद्र आला. पांढरा शर्ट, पायात बूट. योगेंद्र वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला कमीपणा सहन व्हायचा नाही, स्वतःचाही नाही आणि गावाचाही नाही. नानानं त्याला वही दाखवून सगळं सांगितलं. योगेंद्र शिकलेला, त्याला ते दोन मिनिटांत कळलं. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"नाना, हाई लोकेसले सांगू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सहानं गाव एक दिनमा चारनं व्हई जाई. शेजारना गाववाला दात काढतीन. तुम्ही बाज्यानं नाव सांगा. गाडीवाला बदली टाकूत. त्याले दुसरी गाडी भेटी जाई. तुम्हनी चावी तुम्हनापाशी, गावनी फॅट गावपाशी."

"पन सेंटरवरथीन चारच येवाव शे."

"मेसेज मन्हा फोनवर येस ना? मी कोनले दखाडसू?"

योगेंद्र गेला. नाना ओट्यावर बसला. नाही म्हणालो असं त्याला पुढे सांगता आलं असतं, पण तो नाही म्हणाला नव्हता. तो गप्प बसला होता. खरं सांगायचं तर त्याला तो सौदा आवडला होता. कुणाचं काय बिघडत होतं? फक्त बाज्याचं. आणि बाज्याचं नाव तर त्यानं स्वतःच सोमवारी सगळ्यांसमोर घेतलं होतं, आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. चार वाजेपर्यंत नाना त्याच विचारात होता. मग त्याला आठवलं, त्या मंगळवारी वळणावर वळणावर पिकअप थांबत होती. जो आपल्याला चोर म्हणतो त्याला नीट पाठलाग करता यावा म्हणून हा माणूस गाडी हळू चालवत होता. नानाला स्वतःची इतकी लाज वाटली की तो एकटाच असूनही त्यानं उपरणं तोंडावर घेतलं.

संध्याकाळी दहाच्या दहा सभासद किटल्यांसकट हजर. तापीबाई खापरहून दुपारच्या गाडीनं आलेली. बाज्याही पिकअप लावून बोनटला टेकलेला. नाना मधोमध उभा राहिला. त्यानं चावी काढून फळ्याखालच्या फळीवर ठेवली.

"चोर सापडना," तो म्हणाला.

सरलाबाई पुढे सरकली.

"पहिले दखा, मंग सांगस." नानानं योगेंद्रचं साठ लिटर टाकीत ओतवलं. मशीन लावलं. साडेतीन. मग तापीबाईचा लोटा घेतला, थेंब मशीनला दिला. साडेनऊ. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले. तेरा, भागिले दोन. "साडेसहा. बरोबर?"

बरोबर, सगळे म्हणाले.

"रंजनाबाई, तुम्ही टाकीवर नजर ठेवा. सरलाबाई, तुम्ही मन्हावर." आणि त्यानं लोटा सगळ्यांदेखत टाकीत रिकामा केला, पळीनं खाली-वर ढवळलं, आणि सरलाबाईच्याच हातानं थेंब काढवून मशीनला दिला.

साडेतीन.

"आते सांगा. तीन फॅट कोनी खादी?"

सरलाबाईनं नानाच्या हातांकडे बघितलं. रंजनाबाईनं टाकीत वाकून बघितलं. "कोनीच नै," रंजनाबाई म्हणाली. "मन्हा डोळाना पुढे व्हतं." आणि सर्वांत आधी तिलाच हसू फुटलं.

मग नानानं सगळं सांगितलं. लिटर, ओळी, गुणाकार, भागाकार. तेवीस वर्षं फळ्यावरची फॅट खोटी होती, खरी चार पॉइंट तीन. चोर दुसरा कुणी नव्हता, त्याचा खडू होता. मग तो बाज्याकडे वळला. "तुले मी या लोकेससमोर बोलनू. आते यास्नासमोरच सांगस. मन्ही चूक शे, बाज्याभाऊ. माफ कर."

बाज्यानं बडीशेपेची पुडी पुढे केली. या वेळी नानानं घेतली, आणि हातात जास्तच आली.

लोक हसत होते, एकमेकांना समजावत होते, चुकीचं समजावत होते, पुन्हा हसत होते. कुणीतरी म्हणालं, म्हणजे गावची फॅट खाली ओढतं कोण? आणि सगळ्यांच्या माना एकदम योगेंद्रकडे वळल्या. त्याचं साठ लिटर, साडेतीनचं. योगेंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ठीक शे," तो उठून म्हणाला. "नानानी चूक करी, तेवीस वरीस गावले हसाडं. चावी त्यास्नाकडे ऱ्हावाले नको, हाई मन्हं मत. आते मत मोजा. पन नानानाच हिशोबखाल मोजा. ओळीवर नै, लिटरवर. मन्हं साठ लिटर, मन्हा साठ हात. बाकीना बठ्ठास्ना मिळीसन पन्नास."

हसणं थांबलं. कारण हिशेब बरोबर होता. साठ विरुद्ध पन्नास आणि वर अर्धा. लोक नानाकडे बघायला लागले. त्यानं नुकतंच शिकवलं होतं की घरागणिक एक ओळ मोजणं खोटं. आता कोणत्या तोंडानं म्हणणार की ते खरं? त्यानं फळीवरच्या चावीकडे बघितलं आणि ती गेली असं मनाशी धरलं.

तापीबाई रिकामा लोटा घेऊन उभी होती. तिनं लोटा उपडा केला, शेवटचा थेंब झटकला.

"योगेंद्रभाऊ," ती म्हणाली, "दूध टाकीमा मिसळी जास. मंग ते तुन्हं बी नै, मन्हं बी नै. म्हनीसन लिटर मोजतस. पन मानसं मिसळतस का? तू साठ लिटर घालस तरी तू एकलाच शे. आनि मी अर्धा लिटर घालस तरी मी काही अर्धी बाई नै." आणि तिनं हात वर केला. "चावी नानाकडे ऱ्हाऊ दे."

रंजनाबाईचा हात वर गेला. मग सरलाबाईचा, आणि तो वर नेताना ती पुटपुटली की तूप चांगलं कढवलेलं होतं, वासावरूनच कळलं. मग म्हसवाले, गायवाले. नाना बोटानं मोजत होता आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. नऊ झाले. योगेंद्र हात खिशात घालून उभा होता. त्यानं एकदा टाकीकडे बघितलं, एकदा तापीबाईच्या उपड्या लोट्याकडे. मग हात काढला आणि खांद्याइतका वर केला, त्याहून वर नाही.

"लिखा नाना," तो म्हणाला. "मन्हा बी एक."

दहा. नानानं वहीत दहा लिहिलं, आणि सवयीनं खाली भागाकाराची रेघ मारायला घेतलेला हात मागे घेतला.